घासतंय ते, कापत न्हाई

"बाई, घासतंय ते. कापत न्हाई."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी लेथसमोर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रासमोर, पाऊण तास उभी होते. चकात, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, एमएसची (साध्या मऊ पोलादाची) इंचभर जाडीची सळई होती, टूल धरणाऱ्या टूलपोस्टवर नवीकोरी कार्बाइडची इन्सर्ट (बदलता येणारं कापायचं टोक) होती, आणि घराच्या मागच्या शेडमध्ये असा आवाज भरला होता की मांजरही निघून गेलं होतं. सळईवरून राखेसारखा काळपट चुरा खाली पडत होता. मागे उरत होता तो पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा, बोट फिरवावं तर लागेल असा.

शेजारचे मामा चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, होते. त्यांनी माझी सळई पाहिली नव्हती, टूल पाहिलं नव्हतं. अंगणात खुर्ची टाकून चहा पीत त्यांनी नुसता आवाज ऐकला होता. मग ते फाटकातून आत आले, ट्रेमधला चिमूटभर चुरा उचलून बोटांत चोळला आणि माझ्यापुढे धरला. "कापलेल्या लोखंडाचा कीस वळून पडतो. पेन्सिलीला टोक काढताना सालपट निघतं न्हवं, तसा. हा चुरा हाय. लोखंड घासलं जातंय."

घासणं आणि कापणं हा भेद मी विज्ञानाची शिक्षिका असून तोवर नीट पाहिला नव्हता. घरच्या वर्कशॉपबद्दल मला जे सांगावंसं वाटतं त्यातलं बहुतेक सगळं त्या एका भेदात आहे.

मला लेथ कशाला हवी होती, ते आधी सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कप्प्या डगमगायच्या, कलत्या पातळीवरची गाडी एका बाजूला ओढायची, आणि मुलांना घर्षण शिकवताना उपकरणातलंच घर्षण इतकं असायचं की आकडे कधी जुळायचेच नाहीत. बाहेरून करून घ्यायचं म्हटलं तर एका कप्पीसाठी कोण मशीन थांबवणार? म्हणून सेकंडहँड लेथ शोधायला लागले. कोल्हापुरात ही गोष्ट अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात आजही एका गल्लीत ओतकाम, दुसरीत टर्निंग, तिसरीत गिअर कापणारे, असं सगळं हाकेच्या अंतरावर आहे. याच गावात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. विलायतेहून तयार कॅमेरा मागवणं परवडणारं नव्हतं, म्हणून भाग घडवत, बिघडवत, पुन्हा घडवत तो उभा केला. पुढे आम्ही दोघं शेडमध्ये एखाद्या भागाशी झटत असलो आणि तो तिसऱ्यांदा चुकला, की मामा त्या कॅमेऱ्याची आठवण काढायचे.

जुनी लेथ घेताना मी काय पाहिलं, ते सविस्तर सांगते, कारण यात चूक झाली की पुढची दहा वर्षं ती चूक चकाशेजारी बसून राहते. पहिला प्रश्न, आमच्याकडे तरी, "पुराचं पाणी लागलंय का?" २०१९ च्या महापुरानंतर बरीच यंत्रं बाहेरून पुसूनपासून, रंग मारून विकायला आली होती. हेडस्टॉकचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीचं, तेल काढून पाहायचं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. मग बेड, म्हणजे ज्यावर सगळं सरकतं तो लांब पाया. काम सतत चकाजवळच होतं, त्यामुळे बेड तिथेच झिजतो आणि टेलस्टॉककडचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा, भाग जवळजवळ नवा राहतो. सॅडलचा (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा) खेळ चकाजवळ नीट बसवून घ्यायचा आणि सॅडल टेलस्टॉककडे सरकवत न्यायचं. मध्येच जड जायला लागलं तर झीज किती आहे ते हातालाच कळतं. चकात सळई धरून, तिच्यावर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) टेकवून, ती वर उचलायचा प्रयत्न करायचा. काटा हलला तर चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे. रंगाकडे बघूच नका. रंगाखाली बहुतेक वेळा बीडच असतं, आणि बिडाचं वय रंगावरून कळत नाही.

मी घेतली ती साडेचार फुटी, एक हॉर्सपॉवरची. मोटर थ्री-फेज आणि घरात सिंगल-फेज. इथे बरेच हौशी लोक मोटरच बदलतात. मी व्हीएफडी बसवला. तो २३० व्होल्टच्या सिंगल-फेजमधून थ्री-फेज तयार करतो, पण तीही २३० व्होल्टचीच. आपल्याकडच्या लहान मोटरी ४१५ व्होल्टसाठी स्टार नावाच्या जोडणीत असतात, म्हणून पाटीवर २३० डेल्टा (दुसऱ्या जोडणीचं नाव) असा पर्याय आहे का ते पाहून जोडणी बदलून घ्यावी लागते. ती तशीच स्टारमध्ये ठेवली तर मोटर फिरते खरी, पण कट घेतला की मान टाकते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि अर्थिंग आपल्यासमोर तपासून घ्या. लोखंडाच्या यंत्राला हात लावून, पावसाळ्यात, ओलसर फरशीवर तुम्ही उभं राहणार आहात.

आता पुन्हा त्या चुऱ्याकडे.

मामांनी माझी इन्सर्ट सोडवली, उजेडात धरली आणि म्हणाले, "ही चांगली हाय. पण ही तुमच्या मशीनची न्हवं." कारण पुढे मी वाचून समजून घेतलं. कारखान्यातल्या कार्बाइड इन्सर्टची कड मुद्दाम किंचित बोथट, गोलसर केलेली असते. कार्बाइड कठीण असतं तसंच ठिसूळही असतं. ब्लेडसारखी धार ठेवली तर ती पहिल्याच झटक्याला उडेल. जड यंत्रावर, मोठ्या वेगानं, दोन-तीन मिलिमीटरचा कट घेताना त्या गोलाईनं काही बिघडत नाही. पण माझ्या हलक्या लेथवर मी भीत भीत दहा शतांश मिलिमीटरचा कट घेत होते. एवढ्या पातळ कटात ती गोल कड धातूत शिरतच नाही, नुसती त्याला दाबत पुढे जाते. लोखंड दबतं, तापतं, थरथरतं आणि ओरडतं. (ॲल्युमिनियमसाठी घासूनपुसून चकचकीत केलेल्या, खरोखर धारदार इन्सर्ट मिळतात. त्या लहान लेथवर छान चालतात. पण घेताना मागून घ्याव्या लागतात.)

दुसऱ्या दिवशी मामांनी घरातून रुमालात गुंडाळलेला तीन सूत चौकोनी एचएसएसचा तुकडा आणला. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच. आमच्याकडे मिलिमीटरच्या जोडीला सूत अजून जिवंत आहे. एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या अमेरिकनांच्या पोलादाचं टूल टोक लाल होईपर्यंत तापूनही कापत राहिलं, आणि पाहणाऱ्या कारखानदारांना आपली सगळी यंत्रं जुनी झाल्याचं तिथल्या तिथे कळलं. सव्वाशे वर्षं झाली. आज कारखान्यांतून ते बऱ्याच अंशी हद्दपार झालं असलं तरी घरातल्या लेथवर अजून त्याचंच राज्य असायला हवं. कारण एकच. त्याला आपल्या हातानं हवी तशी, हवी तितकी धार लावता येते.

"टूल घासायला शिका," मामा म्हणाले. "मग टूल घासणार न्हाई."

शिकायला मला तीन महिने लागले. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा इंची बेंच ग्राइंडरसमोर. पहिले पंधरा दिवस एचएसएस नाहीच. एमएसच्या चौकोनी सळईचे तुकडे करून त्यांच्यावर सराव. त्याआधी ग्राइंडरचा दगड तपासायचा. तो बाहेर काढून, बोटावर टांगून, लाकडी मुठीनं हलकं टिचवायचं. चांगला दगड खणखणतो. तडा गेलेला असेल तर भदभद वाजतो, आणि तो लगेच टाकून द्यायचा. दगड आणि टूल टेकवायची पट्टी यांच्यात सूतभरापेक्षा जास्त फट नको, नाहीतर टूल आत ओढलं जातं. ग्राइंडर चालू करून पहिला मिनिटभर बाजूला उभं राहायचं. त्या दगडावर पितळ किंवा ॲल्युमिनियम कधीही लावायचं नाही. मऊ धातू दगडाच्या दाण्यांत भरून बसतो, आणि मग दगड स्वतःच कापायचं सोडून घासायला लागतो. मामांचं हे वाक्य दगडालाही लागू आहे, हे मला तिथे कळलं.

मग टूल. घासायच्या बाजू तीनच. डावी बाजू, पुढचं तोंड आणि वरचा माथा. डावीकडून आणि पुढून धारेखालचा भाग आत झुकता ठेवायचा, आठ ते दहा अंश, म्हणजे फक्त धार धातूला लागते आणि तिच्या खालचं अंग लागत नाही. माथ्याला उतार द्यायचा, म्हणजे कीस वर चढून वळतो. मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसले. मामांनी तो पाहिला, नाकारला नाही, पण म्हणाले, "एकदा मापा. मग हाताला लक्षात ठेवू द्या." अंश चुकला तर फार बिघडत नाही. आठचे अकरा झाले तरी टूल कापतं. बिघडतं ते एका बाजूला दोन-तीन वेगवेगळ्या पातळ्या पडल्या तर. टूल दगडावर टेकवल्यावर हात हलवायचा तो डावीउजवीकडे, मनगट न वळवता. मनगट वळलं की बाजू गोल होते, आणि गोल बाजू म्हणजे पुन्हा धारेच्या आधी अंग लागणं. हातमोजे अजिबात नाहीत. टूल हातात धरवेनासं झालं की पाण्यात बुडवायचं. म्हणजे बोटंच तापमापक होतात.

शेवटी तेलाच्या दगडावर धार साफ करायची, आणि मग मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. टूल दिव्याखाली धरून धार आपल्याकडे करायची. बोथट धार उजेड परत फेकते. तिच्यावर केसासारखी पांढरी रेघ चमकते. तेज धारेवर काही दिसतच नाही. तिथे उजेडाला बसायला जागा नसते. "रेघ दिसती तंवर घासा," एवढंच मामा सांगायचे, आणि बाजूला बसून सुपारी कातरायचे.

तीन महिन्यांनंतर पहिल्यांदा त्या टूलनं त्याच सळईवर कट घेतला. अर्धा मिलिमीटर, मग एक मिलिमीटर. आवाज जवळजवळ नव्हताच. सायीसारखा मऊ सळसळाट, आणि टूलच्या माथ्यावरून निळसर झाक असलेला कीस स्प्रिंगसारखा वळत वर येत होता. मागे राहिलेल्या लोखंडात मला ट्यूबलाइट दिसत होती. यंत्र तेच, मोटर तीच, मी तीच.

धार झाल्यावर दुसरं काम उंचीचं. टूलचं टोक चकाच्या मध्याच्या बरोबर उंचीवर हवं. त्यासाठी सळई आणि टूलचं टोक यांच्यात स्टीलची पातळ पट्टी हलकी चिमटीत धरतात. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. पाच सेकंदांचं काम आहे, आणि कितीतरी लोक ते न करता टूललाच दोष देतात.

वेगाचं सूत्र मुलांना सांगावं तसं सांगते. धातूला किती मीटर प्रति मिनिट वेगानं कापायचं ते ठरलेलं असतं. एचएसएसनं एमएस कापताना साधारण २५. त्याला ३२० नं गुणायचं आणि कामाच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागायचं. २५ मिलिमीटरची सळई असेल तर मिनिटाला ३२० फेरे. पितळ त्याच्या दुप्पट वेगानं सहज जातं. नवशिक्याला हात धीमा ठेवायची सवय असते आणि चक वेगात ठेवायची. दोन्ही उलटं हवं. चक जरा हळू, आणि टूल ठाम सरकतं. टूल एका जागी रेंगाळलं की ते कापायचं थांबतं आणि घासायला लागतं.

हे सगळं मला नीट पटलं ते आईंच्या सोऱ्यामुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा पितळी सोऱ्या त्यांच्या सासूचा आहे. पिळाचे आटे अजून शाबूत, पण चकलीची चकती हरवली होती, आणि बाजारातल्या चकत्या या सोऱ्यात बसत नव्हत्या. एखादी सैल बसायची, मग पीठ कडेनं बाहेर यायचं. एखादी बसायचीच नाही. "तुझ्या त्या मशीनवर होईल का गं?" असं त्यांनी गणपतीच्या सुमारास विचारलं. दिवाळीला दोन महिने होते.

मी पितळेचीच सळई आणली. पितळ लेथवर फार सुंदर चालतं. फक्त त्याच्यासाठी टूलच्या माथ्याला उतार ठेवायचा नाही, सपाट ठेवायचा, नाहीतर टूल आत ओढून घेतं. ड्रिलच्या धाराही तेलाच्या दगडावर किंचित बोथट करायच्या, नाहीतर ड्रिल एकदम अडकून काम चकातून उपटतं. (सोडवून दाखवायला सगळ्यात अवघड गाठ ही. जी धार लोखंडाला हवी, ती पितळेला नको.) चकती झाली. व्यास बरोबर जमला, सोऱ्यात टिचकीनं बसत होती. सोनेरी, चकचकीत.

रात्री सहज सळईच्या विक्रेत्यानं दिलेला तक्ता वाचला आणि बसल्या जागेवरून उठले. लेथसाठी विकल्या जाणाऱ्या पितळेत सुमारे ३ टक्के शिसं असतं. त्या शिशामुळेच कीस तुकड्या-तुकड्यांत तुटून पडतो आणि टर्नर लोकांना ते पितळ आवडतं. भांड्यांचं पितळ वेगळं, ते तांबं आणि जस्ताचं. मी सहावीच्या मुलांना शिशाच्या विषारीपणाबद्दल शिकवते, आणि माझ्या हातून खाण्याच्या वस्तूला तेच लागणार होतं. एकही चकली पडायच्या आधी ती चकती बाजूला काढली. घरी यंत्र चालवणाऱ्या सगळ्यांना हे कळकळीनं सांगते. स्वयंपाकघरासाठी काही बनवणार असाल तर धातू कुठला आहे ते आधी विचारा. "पितळच आहे" एवढं उत्तर पुरेसं नाही.

मग ३०४ ग्रेडचं स्टेनलेस. त्यातही बाजारात ३०४ म्हणून २०२ खपवलं जातं, आणि चुंबक लावून फरक कळत नाही, कारण दोन्हीला चुंबक चिकटत नाही. मी पावतीवर ग्रेड लिहून देणाऱ्या दुकानातून ५५ मिलिमीटरच्या सळईच्या दहा-दहा मिलिमीटरच्या चकत्या बँडसॉवर (पट्टीच्या करवतीवर) कापून आणल्या. घरच्या लेथवर एवढी जाड स्टेनलेस सळई पार्टिंग टूलनं कापायच्या फंदात पडू नका.

३०४ ला क्षमा माहीत नाही. टूल जरा बोथट असलं, किंवा कट घेता घेता हात क्षणभर थांबला, की घासल्या गेलेल्या जागेची कातडी कडक होते. मग पुढचा कट त्या कडक कातडीवर येतो, टूल आणखी बोथट होतं, आणखी घासतं. पहिल्या चकतीवर माझं नेमकं हेच झालं. चहाची हाक आली म्हणून मी टूल मागे न घेता हात काढला, आणि परत आले तेव्हा तिथे आरशासारखा चकाकता पट्टा होता. त्यावर टूल घसरत होतं. मामांनी तो पट्टा नखानं टिचवून पाहिला. "आता हिच्याखाली शिरावं लागंल. वरनं न्हाई."

दुसरी चकती नव्यानं घासलेल्या टूलनं केली. वेग कमी करणारा बॅक गिअर टाकून पाऊणशे फेरे, कारण ५० मिलिमीटर व्यासाला १२ मीटरचा वेग एवढाच होतो. कट चांगला अर्धा मिलिमीटर, तेल सतत, आणि एकदा सुरू केलं की शेवटापर्यंत न थांबता. पाच मिलिमीटर चकात धरून पुढचा भाग ५० ला उतरवला, तोंड साफ केलं, मध्ये आठ मिलिमीटरचं भोक पाडलं. हे सगळं एकाच पकडीत. थ्री-जॉ चकातून काम काढून पुन्हा धरलं की ते पाच-दहा शतांशांनी हमखास बाहेर जातं, म्हणून ज्या गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात त्या न सोडता एका दमात करायच्या. शेवटचं माप घ्यायच्या आधी काम हाताला गार लागेपर्यंत थांबले. तापलेली चकती एक-दोन शतांश मोठी भरते, आणि मग सोऱ्यात ती सैल का झाली याचा विचार आपण रात्रभर करत बसतो. मग उलटून, तयार कडेभोवती ॲल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळून, मागचा जास्तीचा भाग उतरवत तीन मिलिमीटर जाडी ठेवली.

चांदणी मात्र लेथवर होत नाही. ती कानशीची. आठ मिलिमीटरच्या भोकाभोवती चौदा मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखलं आणि कंपासचं अंतर त्याच्या त्रिज्येएवढंच ठेवून टोक फिरवत नेलं. सहा पावलांत ते जिथून निघालं तिथेच परत येतं. दरवर्षी फळ्यावर काढलेली ही आकृती, पण धातूवर सहावी खूण पहिल्या खुणेवर बसली तेव्हा मी ती पुन्हा एकदा करून पाहिली. मग चकती व्हाइसमध्ये धरून त्रिकोणी बारीक कानशीनं सहा खाचा. कानस पुढे जाताना दाब, परत येताना उचलून घ्यायची. मागे ओढताना दाबली की तिचेही दात घासून मरतात. प्रत्येक खाचेला वीस-बावीस मिनिटं. शेवटी भोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडेवरची बर, म्हणजे कापताना उरलेली बारीक धारदार कोर, काढून टाकली, बोट फिरवून, मग कापसाचा बोळा फिरवून. कापसाचा एक तंतू अडकला तरी तिथे बर आहे, आणि ती कुणाच्या तरी चकलीत जाणार आहे. कटिंग ऑइल धुवायला साबणाच्या पाण्यात उकळली.

एक गोष्ट मी शेवटाकडे सांगते आहे, पण मामांनी ती पहिल्या दिवशी, लेथला हात लावायच्या आधी सांगितली होती. "बांगड्या काढा. मंगळसूत्र काढा. ओढणी घरात ठिवून या." मी काढल्या. केसांचा अंबाडा, त्यावर घट्ट रुमाल. त्यांनी उद्यमनगरात एका मुलाच्या शर्टाची बाही चकात गेलेली पाहिली होती, आणि पुढचं ते कधी बोलले नाहीत. लेथ बंद करायला आपला हात पोचण्याआधी ती दोन फेरे फिरलेली असते. हातमोज्यांचंही तेच. चामडं हात वाचवत नाही, हाताला आत नेतं. चकाची चावी चकात सोडायची नाही, एका क्षणासाठीही नाही. हातातून ती थेट खिळ्यावरच जायला हवी. कीस हातानं ओढायचा नाही, तो ब्लेड असतो. त्याला तारेचा आकडा किंवा ब्रश. डोळ्यांना चष्मा, वाचायचा नाही, गॉगलच. आता माझ्या शेडच्या दाराशी एक डबी आहे. आत जाताना बांगड्या त्यात पडतात, तो आवाज झाला की घरातल्यांना कळतं की आता तासभर हाक मारायची नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आईंनी भाजणी मळली. सोऱ्यात चकती टाकली, झाकण फिरवलं, पीळ दाबला. पहिली चकली कागदावर पडली तेव्हा त्यांनी ती उचलून खिडकीपाशी उजेडात नेली, मी टूल नेते तशी. मग बोटानं तिच्या कडेवरून हळूच फिरवलं.

"काटे आलेत हिला," त्या म्हणाल्या. "बाजारच्या चकतीला असे येत नव्हते. तिच्यातून पीठ नुसतं घासून यायचं."

मी काही बोलले नाही. मामांना डबाभर चकल्या देऊन आले. त्यांनी एक तोडली, काटे पाहिले, आणि "कानस चांगली धरली" म्हणाले.

आता शेवेची चकती हवी आहे. बारीक शेव, दोन मिलिमीटरची भोकं. मी मांडणी कागदावर काढली आहे. मध्ये एक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा, मिळून ३७. तोच १२ मीटरचा वेग, पण दोन मिलिमीटरच्या ड्रिलला त्यासाठी १९०० फेरे लागतात, आणि स्टेनलेसमध्ये ते ड्रिल दर सात-आठ भोकांनंतर पुन्हा घासावं लागणार. एवढं बारीक टोक, दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, तेही हातानं. मामा म्हणाले, भिंग घेऊन या, आणि एक डझन ड्रिल आणा, पहिली चार बिघडणार. भिंग शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलं आहे. उद्या संध्याकाळी बसायचं ठरलं आहे.